तपासबाईचं बोट

तपासबाईला साखर निघाली तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आपलं ठरलेलं भाषण केलं. पथ्य पाळा, गोळ्या चुकवू नका, नाहीतर डोळे जातील. बाई इतकी हसली की बाहेरच्या बाकावरचे पेशंट दारातून डोकावून गेले. तिचे डोळे चौथ्या वर्षीच गोवरात गेले होते. काळा चष्मा लावायचा तिला कंटाळा, त्यामुळे डॉक्टरांच्या ध्यानात आलं नव्हतं. ते बिचारे ओशाळले. तेव्हा शेजारी बसलेला नवरा म्हणाला, की डोळ्यांचं जाऊ द्या डॉक्टर, हिला बोटं सांभाळायला सांगा, ही बोटांनी बघते. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि तिघंही गोळ्यांच्या वेळांकडे वळले. याला पंधरा वर्षं झाली.

बोटांनी बघते म्हणजे काय, ते सांगायला हवं. अंधांसाठी शाळेची पुस्तकं छापणारा एक छापखाना आहे, बाई तिथं कामाला. या छापखान्यात शाई नाही. जस्ताच्या पातळ पत्र्यावर ठिपके ठोकतात, त्यावर ओलसर जाड कागद घालून यंत्रातून दाबून काढतात, की कागदावर ठिपके उठतात. ते बोटांनी वाचायचे. एक ठिपका इकडचा तिकडे झाला तर अक्षर बदलतं आणि कुठलंतरी पोर परीक्षेत चुकीचं लिहून येतं. म्हणून पहिला कागद तपासायचा. डोळस माणूस मूळ पुस्तक हातात घेऊन एकेक शब्द, स्वल्पविरामासकट, मोठ्यानं वाचतो, आणि समोर बसलेला अंध माणूस कागदावरून बोटं फिरवत जातो. चूक लागली की टेबलावर बोटाच्या पेरानं ठक. छत्तीस वर्षं ही ठक बाईची होती. तिच्या बोटाखालून चूक सुटत नाही असं सगळे म्हणायचे, आणि ते तिच्या डोक्यात थोडं गेलंही होतं. उगाच झाकून काय ठेवायचं?

समोर बसून वाचणारा माणूस म्हणजे तिचा नवरा. छापखान्यात त्याला सगळे रेडिओ म्हणत, कारण सकाळी साडेनऊला लागला की जेवणाच्या सुट्टीपर्यंत बंद होत नसे. त्यांचं लग्न जमलं तेही त्याच टेबलावर. इतिहासाचं पुस्तक तपासताना एका लढाईच्या ऐन मध्यात त्यानं त्याच एका सुरात वाचलं, माझ्याशी लग्न करशील का, प्रश्नचिन्ह. बाईनं ठक केलं. हे मूळ पुस्तकात नाही, एवढंच ती म्हणाली. पण संध्याकाळी बसथांब्यापर्यंत दोघं बरोबर चालत गेले, आणि मग रोजच जायला लागले.

साखर निघाल्यावर तिची सुई त्यानं आपल्या हातात घेतली. रोज सकाळी चहाच्या आधी तो तिच्या डाव्या हाताच्या करंगळीला नाहीतर तिच्या शेजारच्या बोटाला टोचायचा, तेही कडेला. दोन्ही हातांच्या पहिल्या, अंगठ्याशेजारच्या बोटांना त्यानं कधी सुई लावू दिली नाही. ही दोन सरकारी बोटं आहेत, म्हणायचा, यांना हात लावला तर शिक्षण खात्याकडून नोटीस येईल. थेंब पट्टीवर घ्यायचा, यंत्राकडे बघायचा आणि रेडिओच्या आवाजात आकडा सांगायचा. एकशे अडतीस, पूर्णविराम. आकडा वाढलेला असला की आवाज जरा खाली यायचा, आणि मग काल संध्याकाळी कपाटातला लाडवांचा डबा कोणी उघडला याची चौकशी व्हायची. बाई कबूल व्हायची. चौदा वर्षं तिची साखर अशी दोघांत मिळून चालली आणि बरी चालली.

मग एका सकाळी रेडिओ दाढी करता करता गेला. नळ चालू राहिला म्हणून बाई बघायला गेली. बस, एवढंच. आजारपण नाही, निरोप नाही.

मुलगा दुसऱ्या शहरात असतो. तो आला, दहा दिवस राहिला, आपल्याबरोबर चल म्हणून मागे लागला. बाईला ते शहर नको होतं. इथं तिला जिन्याच्या पायऱ्या पाठ, भाजीवालीचा कोपरा पाठ, बसमधून उतरल्यावर किती पावलांवर छापखान्याचं दार ते पाठ. मुलगा परत गेला, आणि सुनेनं एक बोलणारं यंत्र पाठवून दिलं. पट्टी घातली, थेंब लावला, की ते स्वतःच आकडा बोलतं. सुनेनं चांगल्या मनानं पाठवलं, त्यात वाद नाही. बाईनं ते एकदा लावून पाहिलं. आतली ती परकी बाई कोरड्या आवाजात म्हणाली, दोनशे सतरा. बाईनं यंत्र बंद केलं आणि कपाटात पांघरुणांच्या खाली ठेवून दिलं. त्या जागी दुसऱ्या कुणाचा आवाज तिला सोसवेना.

लोकांना वाटलं असतं की एकटी बाई, विसरत असेल. विसरते कसली. तिला सगळं आठवत होतं, फक्त कशात मन राहिलं नव्हतं. एका माणसासाठी काय शिजवायचं म्हणून ती ओट्याशी उभ्यानं चहा-पाव खायची. कधी पाव नसला तर बिस्किटांचा पुडा. चहात साखर घालायला लागली, कारण नको म्हणणारं कुणी नव्हतं. गोळ्या एखाद्या दिवशी घेतल्या, चार दिवस नाही. कोणासाठी मोजायचं, असं ती स्वतःशी म्हणायची, आणि या प्रश्नाला उत्तर द्यायला त्या दोन खोल्यांत कोणी नव्हतं.

रविवारी मुलाचा फोन यायचा. आई, साखर किती? बाई सांगायची, एकशे बेचाळीस. पुढच्या रविवारी एकशे एकतीस, त्यानंतर एकशे एकोणपन्नास. तोच आकडा पुन्हा यायचा नाही याची काळजी घ्यायची. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका पकडलेली बाई, आपली पकडली जाऊ नये एवढी अक्कल तिला होतीच. मुलगा समाधानानं फोन ठेवायचा आणि ती अंधारातल्या पलंगावर जाऊन पडायची. अंधार तिला काय म्हणा, पण दिवा लावणारा माणूस गेल्यापासून दिव्याचं बटण दाबलं गेलं नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं.

छापखान्यात रेडिओच्या खुर्चीवर एक पस्तिशीची बाई आली. तिला नवी म्हणायला लागले आणि तेच नाव चिकटलं. नवी भरभर वाचायची, शब्दांची शेपटं गिळायची. तपासबाईनं पहिल्याच आठवड्यात तिला तीनदा रडवलं. पण पोरगी चिवट होती. डोळे पुसून ती पुन्हा तोच परिच्छेद पहिल्यापासून वाचायची.

चार-पाच महिने गेले, आणि बाईनं नवीच तक्रार काढली. ठिपके पुसट येतायत. दाब कमी पडतोय.

दाब बघणारा मशीनमामा. बाईच्याच वयाचा, तीस वर्षं त्या एका यंत्रापाशी, रेडिओचा डब्याचा सोबती. तपासबाई म्हणाली की ठिपका पुसट, तर ठिपका पुसट. त्या छापखान्यात ठिपक्याची उंची मोजायला दुसरं साधन नव्हतं, तिचं बोट हेच माप. मामानं चाक पाव फेरा आवळलं. आठ दिवस बरे गेले. मग पुन्हा पुसट. मामानं रबरी रूळ बदलला, कागद जास्त भिजवून पाहिला, चाक आणखी आवळलं. बाई म्हणायची, मामा, वय झालं तुमचं, हातात जोर राहिला नाही. चारचौघांत म्हणायची. मामा ऐकून घ्यायचा आणि कापडानं हात पुसत आत जायचा.

याच दिवसांत एकदा चहाच्या सुट्टीत नवीनं बाईचा उजवा हात धरला आणि विचारलं, की हा एवढा फोड कसला. भाजलंय तुमचं बोट. कळलं नाही का? बाईनं हात झटकन ओढून घेतला. किटली लागली असेल, ती म्हणाली, आणि नवीला आपलं काम बघायला सांगितलं. पण किटली कधी लागली ते तिला खरोखरच आठवत नव्हतं.

मग भूगोलाचं पुस्तक शाळेत गेलं आणि पंधरा दिवसांत शाळेचं पत्र आलं. मॅनेजरनं ते सगळ्यांसमोर नवीकडून वाचून घेतलं. पुस्तकात सतरा चुका. इतक्या वर्षांत एका पुस्तकात दोनच्या वर कधी गेल्या नव्हत्या. पुढे आणखी एक ओळ होती. ठिपके नेहमीपेक्षा फारच उठावदार आलेत, पोरांची बोटं खरचटतायत, आणि काही पानांवर कागद फाटून भोकं पडलीयत.

मॅनेजर हिशेबी माणूस. त्याचं सरळ गणित होतं. तपासबाई पुसट म्हणते, शाळा जास्त म्हणते, कागद फाटतो, म्हणजे यंत्र चालवणाऱ्याचा हात ठिकाणावर नाही. पुसट ठिपक्यांवर बाईच्या चुका सुटणारच. मामाला सोमवारपासून घरी बसवायचं आणि नवा माणूस बघायचा, असं त्यानं शुक्रवारी जाहीर केलं. मामा काही बोलला नाही. 'उठावदार' हा शब्द बाईच्या डोक्यातून मात्र जाईना. घरी गेली तरी जाईना. इतक्या पोरांची बोटं खोटं सांगणार नाहीत.

शनिवारी ती सगळ्यांच्या आधी आली आणि भिंतीला हात लावत यंत्राच्या खोलीत गेली. मामा होता. आपल्या पान्ह्या-हत्यारांची आवराआवर करत होता.

"मामा, खरं सांगा. ठिपका पुसट आहे का?"

मामानं फडताळातून काहीतरी काढलं आणि तिच्या हातात दिलं. थंड, पातळ, जड. भूगोलाचा जस्ताचा पत्रा. कागदावरचा ठिपका पुसट असू शकतो, दाबला जाऊ शकतो, वाचून वाचून झिजू शकतो. पत्र्यावरचा ठिपका हातोडीनं ठोकलेला असतो, तो जातो कुठे? बाईनं उजव्या हाताचं पहिलं बोट पत्र्यावर ठेवलं आणि ओळीवरून फिरवलं.

पत्राही पुसट होता.

तिनं डाव्या हाताचं बोट लावलं. पुन्हा उजव्या. दाबून फिरवलं, हलकं फिरवलं. कापड गुंडाळलेल्या बोटाला लागावं तसं काहीतरी लागत होतं, अक्षरं नव्हती. शहरांची नावं असतील तिथं, नद्या असतील, तिला एकही सापडेना. ती मामाच्या स्टुलावर बसली. चौथ्या वर्षी डोळे गेले तेव्हा काय झालं ते तिला आठवत नव्हतं. हे मात्र ती जागेपणी, पुरत्या शुद्धीत सोसत होती.

"तुम्हाला केव्हापासून माहीत होतं?" तिनं विचारलं.

"झाले की पाच-सहा महिने," मामा म्हणाला. "मी आवळत गेलो. म्हटलं, तेवढं लागतंय ना बाईंना, लागू दे. आता याच्यापुढे आवळलं तर कागद फाटतो, बाई."

त्यानं चारचौघांतलं बोलणं खाल्लं, नोकरी जायची वेळ आली तरी तोंड उघडलं नाही, कारण रेडिओ गेल्यावर या बाईचं बोटही गेलं हे तिला सांगणारा माणूस त्याला व्हायचं नव्हतं. माया म्हणायची तर मायाच, पण या मायेनं पाच-सहा महिने फुकट घालवले हेही खरं. त्याच दिवशी दवाखाना गाठला असता तर? पण मामाला तरी काय दोष द्यायचा. मुलाला दर रविवारी बनावट आकडे तो सांगत नव्हता.

बाई त्या स्टुलावर किती वेळ बसली कोण जाणे. बाहेर माणसं यायला लागली. आता ती गप्प राहिली असती तरी कुणाला कळलं नसतं. मामा गेला असता, नव्या माणसावर खापर फोडत आणखी वर्षभर सहज निघालं असतं, आणि टेबलावरची तिची खुर्ची राहिली असती. हा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. आला, आणि चांगला दोन मिनिटं बसून राहिला. त्या खुर्चीखेरीज तिच्याजवळ उरलंच काय होतं?

मग ती उठली आणि पत्रा तसाच हातात घेऊन मॅनेजरच्या टेबलापाशी गेली. सगळे तिथंच होते.

"मामांचं काही चुकलेलं नाही," ती म्हणाली. "यंत्र ठीक आहे. माझं बोट गेलंय. त्या सतरा चुका माझ्या आहेत."

मॅनेजरनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग त्यानं मामाला हळूच सांगितलं, की चाक होतं तसं करा. एवढंच बोलून तो फोन आल्यासारखा बाहेर निघून गेला. नवीनं बाईला बसवलं, पाणी दिलं आणि सोमवारी दवाखान्यात मी येणार असं परस्पर ठरवूनही टाकलं.

दवाखान्यात आता दुसऱ्या डॉक्टर होत्या, मुलाच्या वयाच्या. रक्त तपासलं तर साखर तीनशेच्या वर, आणि तीन महिन्यांची सरासरी त्याहून वाईट बोलणारी. डॉक्टरांनी एका बारीक नायलॉनच्या दोऱ्याचं टोक बाईच्या तळपायांना आणि बोटांना टेकवून पाहिलं. लागलं की सांगा म्हणाल्या. उजव्या पहिल्या बोटाला दहा वेळा टेकवलं, बाईनं तीनदा सांगितलं. ज्या बोटाला इतकी वर्षं अर्ध्या ठिपक्याची चूक कळायची, त्याचे दहापैकी तीन गुण.

बाईला वाटलं, आता खाण्यावरून बोलणी बसणार. डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं,

"जेवता कोणाबरोबर?"

बाईनं तोंड उघडलं आणि तिला रडू फुटलं. नवरा गेला त्या दिवशी ती रडली नव्हती, मुलगा परत गेला तेव्हा रडली नव्हती. अकरा महिन्यांचं सगळं त्या लोखंडी खुर्चीवर बाहेर आलं. उभ्यानं खाल्लेला पाव, पांघरुणांखालचं यंत्र, मुलाला सांगितलेले आकडे, सगळं तिनं सांगून टाकलं. सकाळी उठायची इच्छाच होत नाही, हेही सांगितलं. डॉक्टरांनी मध्ये बोलणं तोडलं नाही. बाहेर नंबर पुकारणारा शिपाई दोनदा दार उघडून गेला, त्यालाही त्यांनी हातानं थांबवलं.

मग त्या म्हणाल्या, की गोळ्या बदलून देते, पण मन असं बसलेलं असेल तर नुसत्या गोळ्यांनी साखर हलायची नाही. दर गुरुवारी इथं बोलायला एक ताई येतात, त्यांच्याकडे यायचं. जेवण बसून करायचं आणि शक्यतो कुणाच्या तरी सोबत. बोटांबद्दल बाईनंच विचारलं. डॉक्टरांनी गोड बोलून वेळ मारून नेली नाही. गेलेलं सगळं परत येईल असं मी म्हणणार नाही, त्या म्हणाल्या. इथंच थांबवता येईल. थोडंफार परत येईलही कदाचित, पण वेळ लागेल.

संध्याकाळी बाईनं मुलाला स्वतःहून फोन लावला, रविवार नसताना. आज साखर तीनशे बारा आहे, म्हणाली, आणि याआधी मी सांगितलेले आकडे खोटे होते. मुलगा म्हणाला, आई, मलाही ते जरा जास्तच चांगले वाटत होते.

छापखान्यातलं असं ठरलं की शाळेतून शिकून बाहेर पडलेली एक अंध मुलगी पुढच्या महिन्यापासून तपासायला बसेल आणि बाई तिच्या शेजारी बसून तिला शिकवेल. कागदावर बोट तिचं, ठक तिची. मॅनेजरनं हे सांगताना फार आढेवेढे घेतले, आणि बाईनंच त्याला वाक्य पुरं करायला मदत केली. दुपारचे डबे आता मामा, नवी आणि बाई एकत्र उघडायला लागले. बाईच्या डब्यात पहिल्या दिवशी करपलेली भाजी होती. शिजवायची सवय मोडली होती ना.

दवाखान्याच्या दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी सकाळी, नवी नऊलाच आली होती. बाईनं पांघरुणांखालून काढलेलं यंत्र पिशवीतून आणलं होतं. रोज काम सुरू करायच्या आधी सुई नवीनं टोचायची, असं दोघींनी दवाखान्यातून येताना बसमध्ये ठरवलं होतं. यंत्र टेबलावर ठेवलं, पट्टी घातली. मामा तेलाची बाटली शोधायला म्हणून तिथं घुटमळत राहिला.

नवीनं विचारलं, की कुठलं बोट देताय? बाईच्या डाव्या करंगळीला चौदा वर्षांच्या सुयांनी घट्टे पडले होते. तिनं क्षणभर विचार केला आणि उजवा हात पुढे करून पहिलं बोट ताठ धरलं.

"हे घे. आता याला कसली सवलत."

नवी नको म्हणाली. मामाही नको म्हणाला. बाईनं हात मागे घेतला नाही. छत्तीस वर्षं जे जपलं ते जपून काय झालं, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. शेवटी नवीनं बोट कापसानं पुसलं, श्वास धरला आणि सुई दाबली.

बाईचा हात थरकला. तिनं मान वर केली आणि कान दिल्यासारखी स्थिर बसून राहिली.

"लागलं का हो?" नवी घाबरून म्हणाली. "चुकलं माझं, बाई. जोरात टोचली गेली. माफ करा, उद्यापासून कडेला..."

बाईच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ते पुसायचंही तिला सुचलं नाही. तिनं तेच बोट, रक्ताच्या थेंबासकट, आणखी पुढे केलं.

"माफी कसली मागतेस," ती म्हणाली. "पुन्हा टोच बघू."